परगांवची नोकरी आणि दोन घरांचें ऋण

परीक्षांचे निकाल लागले, किंवा दिवाळी आटोपली, म्हणजे आपल्या बहुतेक खेड्यांत एक देखावा हटकून दिसतो. सकाळच्या पहिल्या एस. टी.पाशीं एक तरुण उभा असतो. पाठीवर पिशवी, हातांत एक गांठोडें. त्यांत आईनें बांधून दिलेली चटणी, चार भाकरी व शेंगदाण्याचे लाडू. बाप फारसें बोलत नाहीं. आई मात्र तींच तींच दोन वाक्यें पुनःपुन्हां बोलते: वेळेवर जेवीत जा, आणि पोंचलास म्हणजे फोन कर. गाडी सुटते, धुरळा खालीं बसतो, आणि घर पूर्वीपेक्षां मोठें व रिकामें वाटूं लागतें.

हा प्रसंग आपल्या इतक्या परिचयाचा झाला आहे कीं, त्याच्या पोटीं नीतीचा एक मोठा प्रश्न आहे, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. तो प्रश्न असा: जो मनुष्य पोटासाठीं आपलें घर सोडून परक्या शहरीं जातो, त्यानें तेथें कोणत्या नात्यानें राहावें? पाहुणा म्हणून, कीं रहिवासी म्हणून? त्या शहराचें त्याच्यावर कांहीं ऋण आहे काय? आणि तें ऋण त्यानें मानलें, तर घरच्या ऋणांत तितकी उणीव पडते काय?

ह्या प्रश्नास आपल्या लोकांत दोन उत्तरें ऐकूं येतात. वडील माणसें म्हणतात, "बाबा, शरीर तेथें ने, मन येथें ठेव. ती कांहीं आपली जागा नव्हे. चार पैसे मिळीव, घरीं पाठीव, आणि संधि सांपडतांच परत ये." तरुणांपैकीं कांहीं जण म्हणतात, "गेलों तो गेलोंच. गांवांत आमच्यासाठीं काय ठेवलें आहे?" दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्ही अपुरीं आहेत, असें आम्हांस वाटतें. कसें तें क्रमानें पाहूं.

पहिल्या उत्तरामागें मोठा इतिहास आहे. मुंबईंत कापडाच्या पहिल्या गिरणीची स्थापना १८५४ सालीं झाली. पुढें गिरण्या वाढत गेल्या, तसे रत्नागिरी, सातारा, पुणें, अहमदनगर अशा जिल्ह्यांतून हजारों पुरुष मुंबईस गेले. बायकामुलें बहुधा गांवींच राहिलीं. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबई शहरांतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या संख्येच्या जवळजवळ निम्मीच भरली. एकेका खोलींत दहाबारा माणसें राहात. एकाची पाळी सुरू झाली म्हणजे त्याच्या रिकाम्या जागीं दुसरा आपली वळकटी पसरी. जेवण खाणावळींत, आणि ती खाणावळ पुष्कळदां आपल्याच मुलखांतील एखादी बाई चालवी. गोव्याहून आलेल्या लोकांनीं आपापल्या गांवाच्या नांवानें 'कूड' म्हणून सामाईक बिऱ्हाडें चालविलीं. आगबोटीवर काम मिळालें म्हणजे पेटी तेथेंच ठेवून जावें, आणि परत आल्यावर पुन्हां तेथेंच उतरावें, अशी रीत होती. १८८० सालीं टपालखात्यानें मनिऑर्डरीची सोय केली, तेव्हांपासून शहरचा पगार खेड्याच्या उंबरठ्यापर्यंत पोंचूं लागला. त्या मनिऑर्डरींनीं सावकारांचीं देणीं फिटलीं, बहिणींचीं लग्नें झालीं, धाकट्या भावांच्या शाळेची फी भरली गेली.

त्या लोकांस नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. ते शहरांत पाहुण्यासारखे राहिले, तें बहुतांशीं आपखुषीनें नव्हे. पगार इतका थोडा कीं कुटुंब आणणें अशक्य. जागा इतकी लहान कीं पाय पसरणेंहि कठीण. आणि नोकरीची शाश्वति नाहीं, म्हणून गांवचें घर व जमिनीचा तुकडा हाच त्यांचा विमा. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हां लोक हजारोंनीं गांवाकडे पळाले. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यांत सुमारें अडीच लक्ष कामगार होते, आणि त्या वेळींहि पुष्कळांस गांवच्या घरानेंच थारा दिला. २०२० च्या मार्च महिन्यांत सर्व देशांत टाळेबंदी झाली, तेव्हां लेंकरें खांद्यावर घेऊन रस्त्यानें पायीं निघालेल्या मजुरांचे तांडे आपणांपैकीं कित्येकांनीं स्वतः पाहिले, व त्यांस पाणी पाजलें. जें शहर संकटसमयीं मनुष्यास ठेवून घेत नाहीं, त्यास त्यानें आपलें कसें म्हणावें? हा आक्षेप खरा आहे, आणि कोरड्या उपदेशानें तो दूर होणारा नाहीं. शहराकडूनहि ह्यांत पुष्कळ चुकलें आहे.

तथापि गरजेनें जें करावें लागलें, तेंच उत्तम होय असें मानणें ही वेगळी गोष्ट आहे. पाहुण्यासारखें राहणें हें जेव्हां तत्त्व होऊन बसतें, तेव्हां त्यांतून काय निपजतें, हें आमच्या माहितींतील एका उदाहरणावरून सांगतों. त्या तरुणाचें नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं.

त्यास चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत काम मिळालें. तो घरचा वडील मुलगा. बापानें विहिरीसाठीं कर्ज काढलेलें. निघतांना त्यानें बापास वचन दिलें कीं, दरमहा अमुक रक्कम पाठवीन. शहरांत गेल्यावर खोलीचें भाडें, अनामत, जाण्यायेण्याचा खर्च व खाणावळीचे पैसे ह्यांचा खरा हिशेब त्यास कळला. परंतु वचन मोडण्याची लाज वाटली, म्हणून तो खाणावळींत एकच वेळ जेवूं लागला. रविवारीं आई फोनवर विचारी, "जेवलास का रे बाळा?" तो म्हणे, "हो आई, पोटभर." इकडे बापाचा दमा वाढला होता, पण "उगीच पोराच्या जिवाला घोर कशाला?" असें म्हणून घरच्यांनीं तें त्यास कळविलें नाहीं. असे आठ महिने गेले.

पावसाळ्यांत त्यास कावीळ झाली. खोलींतला सोबती गांवीं गेला होता. तीन दिवस हा एकटा अंथरुणावर पडून होता. दोन्ही बाजूंच्या खोल्यांत माणसें होतीं. परंतु त्यानें कोणाशीं ओळखच केली नव्हती. "आपणांस येथें काय जन्म काढावयाचा आहे?" असें तो मनांत म्हणत असे. शेवटीं इमारतीच्या पहारेकऱ्याच्या ध्यानांत आलें कीं, अमक्या खोलींतला मुलगा तीन दिवसांत खालीं उतरला नाहीं. तो वर गेला. त्यानें त्यास पाणी पाजलें, आपल्या चुलीवर भाताची पेज करून आणली, रिक्षांत घालून सरकारी दवाखान्यांत नेलें, आणि घरीं फोन लावून दिला. तो पहारेकरी बिहारकडचा होता. म्हणजे आपल्या घरापासून ह्या तरुणापेक्षां किती तरी पट दूर.

दुसऱ्या दिवशीं आई येऊन पोंचली. मुलाच्या तोंडावरून हात फिरवून तिनें विचारलें, "तुला इथं कुणी आणलं रे? त्या माणसाचं नांव काय?" मुलगा गप्प राहिला. आठ महिने ज्याच्या समोरून तो रोज दोनदां गेला, त्याचें नांव त्यास ठाऊक नव्हतें. पुढें तो आम्हांस म्हणाला, "पाळकसाहेब, दुखण्यानं मला रडूं आलं नाहीं. त्या एका प्रश्नानं आलं."

वाचकहो, हा मुलगा वाईट नव्हता. व्यसन नव्हतें, उधळेपणा नव्हता. घरावर त्याची निष्ठा अशी कीं, ती आपल्या पोटावर पाय देऊन त्यानें पाळली. मग चूक कोठें झाली? आमच्या मतें तीन ठिकाणीं झाली, आणि तीन्ही ठिकाणीं चांगुलपणाच्या वेषांत झाली.

पहिली चूक वचनाची. ज्या गांवाचें पाणी अजून प्यालों नाहीं, तेथील खर्च गृहीत धरून त्यानें शब्द दिला. शब्द पाळणें हा सद्गुण आहे. परंतु माहितीवांचून शब्द देणें हा सद्गुण नव्हे, तें साहस आहे. आणि असा शब्द घेणाऱ्यावरहि दोष येतो. मुलगा अजून गाडींत बसला नाहीं, तोंच "दर महिन्याला किती धाडशील?" असें विचारणारा बाप त्याच्या तोंडून नकळत एक खोटें वदवीत असतो.

दुसरी चूक प्रेमाच्या असत्याची. आईस दुःख होऊं नये म्हणून खोटें बोलावें कीं नाहीं? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. "पोटभर जेवलों" असें म्हणणाऱ्या मुलाच्या मनांत कपट नव्हतें, मायाच होती. तरी परिणाम पाहा. मुलगा घरास फसवीत होता, घर मुलास फसवीत होतें; दोघेहि मायेनें, आणि दोघेहि एकमेकांपासून दर रविवारीं थोडे थोडे दूर जात होते. फोनवर रोज आवाज ऐकूं येतो, मोबाइलवर तोंडहि दिसतें. परंतु ज्या दोन माणसांच्या मध्यें खरी हकीकत जात येत नाहीं, तीं जवळ आहेत असें कसें म्हणावें? पूर्वीं महिन्यांतून एक पत्र येई, तें दुसऱ्याकडून वाचून घ्यावें लागे. तरी त्यांतल्या चार खऱ्या ओळी ह्या रोजच्या "सर्व ठीक आहे" पेक्षां अधिक जवळच्या होत्या. असत्यानें दुःख टळत नाहीं. तें एकट्याच्या वांट्यास येतें, एवढेंच. आणि दुःख एकट्यानें सोसण्यासाठीं कुटुंब निर्माण झालेलें नाहीं. ह्याचा अर्थ रोजच्या प्रत्येक अडचणीचें रडगाणें घरीं कळवावें, असा नव्हे. जें दोन दिवसांत निवळेल तें पोटांत ठेवावें. जें महिनाभर टिकलें तें सांगावें. आणि घरच्यांनींहि हाच नियम पाळावा.

तिसरी चूक सर्वांत खोल आहे. त्यानें त्या शहरांत कोणासहि शेजारी मानलें नाहीं. पाहुणा ज्या घरीं उतरतो त्या घराची चिंता करीत नाहीं. छप्पर गळलें तर तें घरधन्याचें काम. ही वृत्ति दोन दिवस शोभते. परंतु ज्या ठिकाणीं आपण श्रम करतों, अन्न खातों, झोंपतों व उठतों, तेथें वर्षानुवर्षें पाहुणे म्हणून राहणें म्हणजे इतरांचें घेत राहणें व त्यांस आपलें कांहीं न देणें होय.

ह्याच वृत्तीच्या मागोमाग दुसरी एक येते, ती ह्याहून भयंकर. ती म्हणते, "येथें मला कोण ओळखतो?" गांवांत मनुष्याच्या वागणुकीवर शंभर डोळे असतात. चुलता पाहतो, मास्तर पाहतात, पाणवठ्यावरच्या बायका पाहतात. त्या डोळ्यांचा आपणांस कधीं जाचहि होतो. परंतु पुष्कळदां आपला चांगुलपणा त्या डोळ्यांच्याच टेकूवर उभा असतो. शहरांत तो टेकू एका रात्रींत निघतो. संध्याकाळीं कोठें गेलास, कोणाबरोबर होतास, हें विचारणारें कोणी नाहीं. तेव्हां कळतें कीं, आपल्या अंगचें किती होतें आणि गांवच्या धाकाचें किती होतें. योसेफ मिसर देशांत विकला गेला, तेव्हां बाप दूर होता, भाऊ वैरी झाले होते, आणि त्या परक्या घरांत त्याचें कुळ जाणणारें कोणी नव्हतें. तरी तो तेथें जसा वागला तसाच तो बापाच्या डोळ्यांपुढें वागला असता. हीच त्याची थोरवी. परगांव ही मनुष्याची कसोटी आहे ती ह्या अर्थानें. तें त्यास बिघडवीत नाहीं, तो काय आहे तें दाखवितें.

आतां दुसऱ्या उत्तराकडे वळूं: "गेलों तो गेलोंच." हें म्हणणारा शहरास आपलें करतो, हें त्याचें बरोबर आहे, परंतु त्यासाठीं तो मागचा दोर कापतो. ज्या घरानें एक वेळ उपाशी राहून त्यास शिकविलें, तें घर त्याच्या लेखीं एक जुनी अडचण होऊन बसतें. कांहीं जण पैसे पाठवितात, पण स्वतः जात नाहींत. २०१६ पासून मोबाइलवरून क्षणांत पैसे पाठविण्याची सोय झाली आहे. ती चांगलीच आहे. परंतु बटन दाबून पैसे गेले म्हणजे कर्तव्य संपलें, असें वाटण्याचा मोह तितकाच वाढला आहे. म्हाताऱ्या बापास औषधाचे पैसे हवेत हें खरें. पण औषध घेतलें कीं नाहीं हें विचारणारा मुलगाहि हवा.

ह्या दोन्ही उत्तरांच्या मुळाशीं एकच चुकीची समजूत आहे. ती अशी कीं, आपुलकी ही कणगींतल्या धान्यासारखी आहे. एकास पायली दिली कीं दुसऱ्यास तितकी कमी. म्हणून वडील म्हणतात, शहरास देऊं नकोस. आणि तरुण म्हणतो, गांवास देत बसलों तर येथें काय उरेल? परंतु भाताच्या लावणीकडे पाहा. रोपें प्रथम एका वाफ्यांत दाट वाढतात. सुमारें तीन आठवड्यांचीं झालीं म्हणजे तीं उपटून, जुड्या बांधून, दुसऱ्या खाचरांत लावतात. लावल्यावर कांहीं दिवस तीं पिवळीं पडतात, माना टाकतात. पाहणाऱ्यास वाटावें, मेलीं. मग तीं मूळ धरतात. जी जुडी बांधावरच राहिली, ती वाफ्याशीं एकनिष्ठ राहिली असें कोणी म्हणत नाहीं. ती कुजली असेंच म्हणतात. नव्या खाचरांत मूळ धरून ओंबी भरणें हाच वाफ्याचा मान आहे. मनुष्य रोपासारखा मुका नाहीं, तो मागचें आठवूं शकतो व परत येऊं शकतो, हें त्याचें अधिक भाग्य.

शास्त्राचे वाचक येथें यिर्मया संदेष्ट्याच्या पत्राची आठवण करतील. बाबेलास धरून नेलेल्या आपल्या लोकांस त्यानें जो निरोप धाडला, तो एकोणतिसाव्या अध्यायांत आहे. बंदिवानांस शत्रूच्या नगरांत घरें बांधण्यास, बागा लावण्यास आणि त्याच नगराचें हित चिंतण्यास त्यानें सांगितलें. आणि त्याच पत्रांत मायदेशीं परत येण्याची आशाहि जिवंत ठेविली. म्हणजे दोन्ही ऋणें एकाच कागदावर लिहिलीं. बळानें नेलेल्या माणसांस जर हें सांगितलें, तर आपल्या पायांनीं नोकरीस गेलेल्यांनीं तें किती अधिक मानावें!

ह्यावरून जे तरुण नव्यानें परगांवीं जात आहेत, त्यांस आम्ही थोड्या साध्या गोष्टी सुचवितों. पहिल्या आठवड्यांत पांच माणसांचीं नांवें विचारून घ्या: शेजारी, खाणावळवाली बाई, पहारेकरी, कामावरचा सोबती आणि जवळचा दुकानदार. कामांत जें येत नाहीं तें येत नाहीं म्हणून विचारा. पहिल्या महिन्यांत अज्ञान कबूल करण्याची लाज थोडी असते, सहाव्या महिन्यांत फार होते. दोन महिन्यांचा खर्च लिहून काढल्यावांचून घरीं आंकडा कबूल करूं नका. मग जो कबूल कराल तो चुकवूं नका. कर्मचारी राज्य विमा व भविष्यनिर्वाह निधि आपणांस लागू आहेत कीं नाहींत, हें आरंभींच विचारून घ्या. घरच्या शिधापत्रिकेवर अन्नसुरक्षेचें धान्य मिळत असल्यास तें आतां परगांवींहि घेतां येतें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. संध्याकाळ मोकळी ठेवूं नका. वाचनालय, मंडळीची उपासना, रात्रीचा वर्ग, कोठें तरी आपली वाट पाहणारें माणूस असूं द्या. आणि घरीं जाण्याचे दिवस आधीं ठरवा, म्हणजे केवळ मर्तिकालाच जाण्याचा प्रसंग येणार नाहीं.

घरीं राहणाऱ्यांसहि दोन शब्द. मुलाचें प्रेम रकमेनें मोजूं नका, आणि शेजारच्या मुलाच्या रकमेशीं तर मुळींच ताडून पाहूं नका. नवरा परगांवीं असलेल्या सुनेचें ओझें दुप्पट असतें. शेत, म्हातारीं माणसें व लेंकरें तिनेंच पाहावयाचीं. ह्या सर्व व्यवस्थेंत सर्वांत मोठा त्याग बहुधा तिचा असतो, आणि त्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो. उपदेशक बंधूंनीं अशा घरीं महिन्यांतून एकदां तरी जावें, आणि गेलेल्या मुलाचा पत्ता त्या शहरच्या पाळकास कळवावा.

शेवटीं एक गोष्ट उरली. हा प्रश्न केवळ आपल्या मुलांचा आहे असें आपण मानतों. पण आपलेंहि गांव कोणाचें तरी परगांव आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, नगर ह्या बाजूंचीं जोडपीं ऊसतोडीसाठीं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे येतात, आणि हंगाम संपेपर्यंत पालांत राहतात. वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर परप्रांतांतील मुलें असतात. त्यांच्याहि आया फोनवर विचारीत असतील, "जेवलास का?" आणि तींहि "पोटभर" म्हणून सांगत असतील. आपल्या मुलास चाकणला जो पहारेकरी भेटावा असें आपणांस वाटतें, तो पहारेकरी आपल्या शिवारांत कोण आहे?

तो तरुण बरा होऊन पुन्हां कामावर गेला. बापास त्यानें खरा हिशेब सांगितला. रक्कम कमी झाली, परंतु बापाच्या दम्याची हकीकतहि त्यास त्याच दिवशीं कळली. पुढच्या दिवाळींत आईनें फराळाचे दोन डबे बांधले. एक मुलासाठीं, दुसऱ्यावर तिनें त्या बिहारच्या मनुष्याचें नांव लिहविलें. तें नांव आतां त्या घरांत सर्वांस पाठ आहे.